कोकणातील कातळशिल्पे आणि पाथरवटांचे कर्तव्य

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत इतिहासविषयक एखादा लेख असावा, ही परंपरा जुनी आहे. घराण्यांच्या वंशावळी, कुलदैवतांची स्थाने, देवालयांच्या जीर्णोद्धारांच्या हकिगती असे विषय या पानांतून वाचकांच्या नजरेखालून वेळोवेळी गेले आहेत. यंदा संपादक मंडळाने ही कामगिरी आमच्यावर सोपविली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्ही बराच विचार केला. आपल्या पूर्वजांनी काय घडविले याचे वर्णन करणे सुखाचे असते. परंतु आपल्या हातून काय मोडले जात आहे याचा विचार करणे हे अधिक निकडीचे असते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांचा आणि त्याच सड्यांवर चालणाऱ्या चिरेखाणींचा विषय घेतला आहे. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ दगडावर चालतो. कोणी खाणमालक आहेत, कोणी ठेकेदार, कोणी गवंडीकाम करतात, तर कोणी अद्याप छिन्नी-हातोडा हाती धरून आहेत. तेव्हा हा विषय परक्याचा नसून आपल्या घरचाच आहे, हे आरंभीच सांगणे इष्ट होय.

दगडावर आपले नाव

पश्चिम घाटातील लेणी कोणी खोदली, असा प्रश्न विचारला तर राजांची, श्रेष्ठींची व भिक्षूंची नावे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. द्रव्य त्यांनीच दिले. परंतु डोंगराच्या पोटात शिरून ज्यांनी घाव घातले त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. क्वचितच आढळतो म्हणूनच तो मोलाचा आहे. मुंबईजवळील कान्हेरी येथील तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या काळातील, म्हणजे सुमारे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील, एक प्राकृत शिलालेख आहे. त्यात दानकर्त्यांबरोबरच काम करणाऱ्यांचीही गणना केलेली आहे. ‘सेलवढकी’, म्हणजे शैलवर्धकी, अर्थात दगडाचे काम करणारे, यांचा तेथे स्पष्ट निर्देश आहे. दगडाला झिलई देणाऱ्या ‘मिठिका’चे तर नावही दिलेले असून ते स्कंदरक्षित असे आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाणे येथे याहूनही प्राचीन लेणे आहे. तेथील एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एवढेच कोरले आहे की, हे कण्हाचा शिष्य बलक याने केले. राजाचे नाव नाही, दानाची रक्कम नाही. गुरूचे नाव व शिष्याचे नाव एवढेच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने आपले काम पुरे झाल्यावर गुरूचे स्मरण करून आपली सही केली, यापरते आमच्या व्यवसायाचे दुसरे प्रशस्तिपत्र ते कोणते?

हा बलक आपल्या ज्ञातीचा होता, असा दावा आम्ही करीत नाही. दोन सहस्रकांची वंशावळ कोणासही सांगता येणार नाही, आणि इतिहासाच्या नावाखाली अशा गोष्टी लिहिण्याचा मोह आवरणे हेच बरे. रक्ताचे नाते सिद्ध होवो वा न होवो, टाकीचे नाते मात्र खरे आहे. दगडाची शीर कोठे आहे, घाव कोणत्या बाजूने घातला असता तो सरळ फुटेल आणि कोणत्या बाजूने घातला असता वाया जाईल, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते हातातून हातात येते. त्या परंपरेचे आपण वारस आहोत. वारसाला हक्क असतात, तशीच जबाबदारीही असते.

सड्यावरील चित्रे

कोकणात डोंगर चढून वर गेले की पुष्कळ ठिकाणी माथ्यावर विस्तीर्ण सपाट कातळ लागतो. त्यालाच सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो काळाठिक्कर व रखरखीत दिसतो, आणि पावसाळ्यात त्यावर रानफुलांचे गालिचे पसरतात. या सड्यांच्या पृष्ठभागावर फार प्राचीन काळी कोणी माणसांनी चित्रे खोदून ठेवली आहेत. गुराख्यांना व शेतकऱ्यांना ती पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. कोणी ती पांडवांच्या नावावर घालीत, तर कोणी देवाची खूण म्हणून तेथे नारळ ठेवीत. परंतु त्यांची पद्धतशीर नोंद होऊ लागली ती अलीकडच्या काळात. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी, आणि रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गावोगावचे सडे पायी तुडवून, ग्रामस्थांना विचारून विचारून ही चित्रे उजेडात आणली. नोंदलेल्या चित्रांची संख्या आता हजाराच्या पुढे गेली आहे.

या चित्रांत काय नाही? राजापूर तालुक्यातील कशेळी येथे एक प्रचंड हत्ती कोरलेला असून त्याची लांबी सुमारे १८ मीटर व रुंदी सुमारे १३ मीटर आहे. आणि त्या हत्तीच्या देहरेषेच्या आत इतर लहानमोठ्या प्राण्यांच्या कितीतरी आकृती खोदलेल्या आहेत. बारसूच्या सड्यावर मध्ये एक मनुष्याकृती व तिच्या दोहों बाजूंस झेप घेणारे दोन वाघसदृश प्राणी आहेत. उक्षी येथे हत्ती आहे. जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे या ठिकाणी नाना प्रकारच्या आकृती व भौमितिक चौकटी आहेत. देवाचे गोठणे येथे तर कातळावर होकायंत्र ठेवले असता त्याची सुई भलतीच दिशा दाखविते. सिंधुदुर्गातील कुडोपी येथे, तसेच गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी फणसायमळ येथेही असाच ठेवा आहे. ही नऊ स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. वाघ, हरिण, रानडुक्कर, माकड, मासे, कासव यांच्याबरोबरच कोकणातून केव्हाच नाहीसा झालेला गेंडाही या चित्रांत दिसतो. नांगर, पीक, शेत यांची चित्रे मात्र आढळत नाहीत. यावरून, ही चित्रे खोदणारे लोक शिकारीवर व समुद्रावर उपजीविका करणारे असावेत, असे अनुमान जाणकार करतात. काळाविषयी मतभेद आहेत. तथापि मध्याश्मयुगापासून आद्य ऐतिहासिक काळापर्यंत ही परंपरा चालत आली असावी, असे साधारणपणे मानले जाते. म्हणजे कान्हेरीच्या सेलवढकींनाही जे पूर्वज म्हणून वंद्य ठरावेत, अशा कोणा दगडफोड्यांचे हे काम आहे. लोखंडाची टाकी ज्यांच्या हाती नव्हती, त्यांनी दगडानेच दगड कोरून अठरा मीटरांचा हत्ती प्रमाणात साधला. उभ्या माणसाला तो हत्ती एका नजरेत मावत नाही. मग खोदणाऱ्याने त्याचे मोजमाप कसे धरले असेल, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येक कारागिराने स्वतःस विचारून पाहावा.

जांभा आणि चिरेखाण

आता ज्या दगडावर ही चित्रे आहेत त्याचा विचार करू. तो आपला नित्याचा जांभा. कोकणच्या अतोनात पावसाने मूळ खडकातील वाळूचे द्रव्य हजारो-लाखो वर्षे झिरपून निघून गेले व लोहाची आणि ॲल्युमिनियमची द्रव्ये मागे राहिली. त्यापासून हा तांबडा, सच्छिद्र दगड बनला. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज अमलातील पाहणी अधिकाऱ्याने मलबारात हा दगड विटेप्रमाणे कापून बांधकामास वापरताना पाहिला व १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. खाणीतून ताजा काढलेला जांभा तुलनेने मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हाने टणक होत जातो, हे आपल्या मुलाबाळांसही सांगावे लागत नाही. याच गुणामुळे कोकणातील घरे, देवळे, विहिरी, शाळा सर्व काही चिऱ्यांनी उभे राहिले. पूर्वी पहार, टिकाव व घण यांनी दिवसभर खपून जेवढे चिरे निघत, त्याच्या कितीतरी पट आज यंत्राची पाती काही तासांत कापून काढते.

येथेच सर्व अनर्थाचे मूळ आहे, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. जमिनीत पुरलेले भांडे वा नाणे असेल तर ते खोल खणल्यावर सापडते. ते सापडेपर्यंत विचार करण्यास अवधी मिळतो. कातळशिल्पाचे तसे नाही. ते सड्याच्या अगदी वरच्या कवचावर, बोट-दोन बोटे खोल खोदलेले असते. चिरेखाण सुरू करताना पहिले काम कोणते? वरचा ओबडधोबड, टणक थर काढून टाकून जागा सपाट करणे. म्हणजे खाणीचा पहिला चिरा निघण्यापूर्वीच, पहिल्याच दिवशी, चित्र संपलेले असते. त्यानंतर कितीही मोठा अधिकारी आला, कितीही विद्वान आले, तरी त्यांना पाहण्यासाठी काहीच उरत नाही. खाणीने जागा प्रत्यक्ष कापली नाही तरी मालगाड्यांची वर्दळ, बदललेला पाण्याचा ओघ आणि वर टाकलेला मातीदगडाचा राडारोडा यांनी शेजारची चित्रे झिजतात किंवा बुजतात. कलमे लावण्यासाठी सुरुंग लावून पाडलेले खड्डे आणि सड्यावरून नेलेले रस्ते यांचीही गत तीच आहे. म्हणून या ठेव्याचे रक्षण व्हावयाचे असेल तर ते पहिल्या घावाच्या आधीच झाले पाहिजे, आणि त्या क्षणी तेथे हजर असणारा मनुष्य एकच असतो. तो म्हणजे खाणवाला.

आमच्या गडग्यातील दगड

ही गोष्ट आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यासाठी सांगत नाही, कारण तो दोष प्रथम आमच्याच घरी येतो. आमच्या मूळ घराच्या परसात जांभ्याचा जुना गडगा आहे. गडग्यास चांगला चिरा कोणी वापरीत नाही. खाणीच्या वरच्या थराचा जो वेडावाकडा दगड निघतो तोच रचतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या गडग्यात कमरेच्या उंचीवर एक रुंद दगड असून त्यावर एक वळणदार खोबण आहे. ती एका बाजूस बाकदार होऊन दगडाच्या कडेपाशी एकदम तुटते. लहानपणी त्या खोबणीत काजूच्या बिया मांडून आम्ही भावंडे खेळत असू. पावसाच्या पाण्याने ती पडली असावी, असे वडीलधारे सांगत, आणि आम्हांसही ते खरे वाटे.

पुढे अनेक वर्षांनी दुसऱ्या एका गावच्या सड्यावर कातळशिल्पे पाहण्यास आम्ही गेलो. तेथील एका प्राण्याच्या पाठीची रेषा पाहताच आमची पावले थबकली. तीच रुंदी, तीच खोली, तोच काठाचा गोलावा. घरी परतल्यावर आम्ही गडग्यापाशी कंदील घेऊन बसलो, आणि बाजूने प्रकाश टाकून पाहिले. ती खोबण पाण्याची नाही, ती हाताची आहे, अशी आमची खात्री झाली. आमच्या आजोबांनी घरासाठी चिरे काढले ती खाण सड्यावरच होती. त्या सड्यावर एखादे चित्र होते का, ते वाघाचे होते की माशाचे, केवढे होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. त्याचा एक तुकडा आमच्या गडग्यात आहे; उरलेले वाडीतील कोणाकोणाच्या गडग्यात असतील. आजोबांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. ते सचोटीचे, देवभीरू गृहस्थ होते. मूर्तीला घाव घालण्याचे त्यांच्या स्वप्नातही आले नसते. त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच. परंतु आम्हांस आता कळले आहे, आणि या स्मरणिकेच्या वाचकांसही कळले आहे. अज्ञानाची सबब आजोबांच्या पिढीबरोबर संपली.

खाण शत्रू नव्हे

हे वाचून कोणी असे समजू नये की खाण म्हणजे इतिहासाची वैरीणच होय. उलट, भारताच्या अश्मयुगाचे ज्ञान आपणांस झाले तेच मुळी एका खाणीतून. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लवरम येथे खडी काढण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात मानवाने घडविलेले एक दगडी हत्यार सापडले. भारतात पुराणाश्मयुगीन मानव राहत होता, याचा तो पहिला पुरावा ठरला. खड्डा खणणाऱ्यांच्या दृष्टीने तो इतर दगडांसारखाच एक दगड होता. पाहणारा डोळा तेथे होता म्हणून तो वाचला. तात्पर्य, प्रश्न खाण असावी की नसावी हा नाही. खाणीपाशी पाहणारा डोळा आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

उशिरा पाहिले तर काय उरते, याचे उदाहरण मुंबईत अंधेरी येथे उभे आहे. गिल्बर्ट टेकडी या नावाने ओळखला जाणारा काळ्या पाषाणस्तंभांचा तो सुळका सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काळातील असून त्याची उंची सुमारे ६१ मीटर आहे. भोवतालचा दगड खाणींनी नेला, आणि मध्ये हा सुळका तेवढा राहिला. २००७ साली मुंबई महानगरपालिकेने त्याला वारसा-दर्जा दिला. आज माथ्यावर देवीचे देऊळ आहे आणि पायथ्यापर्यंत वस्ती भिडली आहे. पाषाणाचा एवढा मोठा डोंगर काही अंशाने तरी उरू शकला. बोटभर खोलीच्या चित्राला मात्र असा काही अंश शिल्लक राहण्याची सोय नाही.

कायदा काय सांगतो

या बाबतीत कायदे नाहीत असे नाही. १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला, आणि १९३२ च्या दुरुस्तीने स्मारकांजवळील खाणकामावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरविले, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचेही मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद झाले. १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा केंद्रीय कायदा, आणि त्याच धर्तीवरील १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, हे दोन आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुने कोरीव शिल्प, लेणे व शिलालेख यांचा समावेश आहे. आणि त्याच्या १९ व्या कलमान्वये संरक्षित क्षेत्रात परवानगीवाचून खाणकाम वा सुरुंगकाम करता येत नाही. १९९२ च्या अधिसूचनेने केंद्र संरक्षित स्मारकांभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरविले, आणि २०१० च्या दुरुस्तीने ही तरतूद कायद्यातच समाविष्ट करून शिक्षाही वाढविली. गौण खनिजांच्या बाबतीत, पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठरविले.

इतके असूनही कायद्याची एक मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. संरक्षण सुरू होते ते अधिसूचना निघाल्यावर. जे चित्र कोणी नोंदलेच नाही, त्याची अधिसूचना कशी निघणार? कोकणच्या सड्यांवर अशी किती चित्रे मातीखाली व गवताखाली झाकलेली असतील, हे सड्यालाच माहीत. ज्या जमिनींवर ती आहेत त्या बहुधा खासगी व सामाईक आहेत. तेथे सरकारचा पहारेकरी उभा राहणे शक्य नाही. कायदा हा कुंपणासारखा आहे. परंतु कुंपण कोठे घालावयाचे हे सांगणारा माणूस आधी हवा.

पोटाचा प्रश्न

आमचे काही खाणमालक बंधू यावर म्हणतील, “हे सर्व ठीक, पण आमच्या जमिनीत चित्र निघाले असे एकदा बाहेर कळले की सरकार जमीन अडकवून ठेवील, खाण बंद पडेल, मजुरांची चूल विझेल. मग गुपचूप थर काढून मोकळे झालेले काय वाईट?” हा युक्तिवाद कानावर हात ठेवून टाळण्यासारखा नाही. आम्ही तो आमच्याच आप्तांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यातील भीती खरी आहे. म्हणून त्याचा हिशेब मांडूनच विचार केला पाहिजे. हिशेब हा तर आपल्या व्यवसायाचा आत्माच होय.

आतापर्यंत सांगितलेल्या चित्रांपैकी सर्वांत मोठा तो कशेळीचा हत्ती. १८ मीटर गुणिले १३ मीटर म्हणजे २३४ चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा असतो. म्हणजे या महाकाय हत्तीने व्यापलेली जागा अडीच गुंठेसुद्धा भरत नाही. त्याच्या चारही बाजूंस वीस-वीस मीटर मोकळी जागा सोडली तरी सगळे मिळून सुमारे तीस गुंठे, म्हणजे पाऊण एकर होते. आणि हा हिशेब सर्वांत मोठ्या चित्राचा झाला. पुष्कळशी चित्रे मनुष्याच्या उंचीएवढी किंवा त्याहून लहान आहेत. सडा एकरांनी मोजावा, चित्र हातांनी. एवढी जागा सोडल्याने खाणधंदा बुडेल असे म्हणणे हे हिशेबी माणसास शोभत नाही. जागा अधिकृतपणे संरक्षित ठरली तर बंधने याहून अधिक असू शकतात, हे आम्ही लपवीत नाही. परंतु १९५८ च्या केंद्रीय कायद्यात त्या कायद्यान्वये वापरलेल्या अधिकारांमुळे मालकाचे वा कब्जेदाराचे नुकसान झाल्यास भरपाई देण्याची तरतूद २७ व्या कलमात आहे, हेही आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. ती मागणे हा हक्क आहे. आणि हक्क मागण्यासाठी चित्र आधी शिल्लक असावे लागते.

रोजंदारीवरील मजुराचा प्रश्न मात्र वेगळा आहे. चार दिवस काम थांबले तर मालकाचा नफा कमी होतो, मजुराची भाकरी जाते. चित्र पाहूनही तो बोलला नाही, तर त्याला दोष कसा द्यावा? म्हणून आमची नम्र सूचना अशी की, ज्याने सड्यावरील चित्र दाखवून काम थांबविले त्याचा रोज बुडू नये एवढी व्यवस्था संस्थेने आपल्या निधीतून करावी. सत्कार-समारंभांवरील खर्चात थोडी काटकसर केली तर ही रक्कम जड जाणार नाही.

काय करावे

उपदेश पुष्कळ झाला. आता कृतीविषयी थोडे. खाणीची जागा घेण्यापूर्वी सडा स्वतः फिरून पाहावा. भर दुपारी खोबणी दिसत नाहीत. सूर्य उगवताना वा मावळताना तिरप्या उन्हात त्यांच्या कडांच्या सावल्या पडतात, तेव्हा त्या दिसतात. पहिला पाऊस पडून गेल्यावर खोबणींत पाणी साचून राहते, तेव्हाही रेषा उठून दिसतात. गावातील वृद्धांस व गुराख्यांस जरूर विचारावे. त्यांना जे माहीत असते ते कोणत्याही नकाशावर नसते. चित्र आढळले तर त्यातील माती पहारीने उकरू नये, रेषा खडूने किंवा चुन्याने भरू नयेत, त्यावर चालू नये, वाहन नेऊ नये. मापासाठी शेजारी मीटरपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, गट क्रमांक लिहून ठेवावा, आणि ग्रामपंचायत, तलाठी व राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे रत्नागिरी येथील कार्यालय यांस लेखी कळवावे. जमीनमालकाशी करार करतानाच, चित्र आढळल्यास तेवढी जागा भोवतालच्या मोकळ्या पट्ट्यासह खाणीतून वगळण्याचे कलम घालावे. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती संरक्षक कठडा बांधून तो पाहण्याची सोय केली आहे. त्यांनी जे केले ते करण्यास मोठ्या विद्वत्तेची नव्हे, आस्थेची गरज होती.

दुसरे असे की, संस्थेने एक नोंदवही ठेवावी. सभासद कुटुंबांपैकी ज्यांच्या गावी सडा आहे त्यांनी तेथील खुणा, जुन्या आठवणी, गडग्यांतील असे दगड यांची माहिती त्या वहीत द्यावी. आमच्या गडग्यातील दगड ही त्या वहीतील पहिली नोंद व्हावी, अशी आमची इच्छा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वविद्येचे उच्च शिक्षण मिळते. आपल्या ज्ञातीतील एखाद्या मुलाने वा मुलीने ते घ्यावे व त्यासाठी संस्थेने शिष्यवृत्ती द्यावी, असेही आम्हांस वाटते. दगडाची जात जन्मतः ओळखणारा अभ्यासक त्या विद्येला मिळाला, तर लाभ दोघांचाही आहे.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण नेहमी ऐकतो व मुलांस सांगतो. तिची दुसरी बाजू मात्र आपण विसरलो आहोत. कोणता दगड घाव घालण्याजोगा आणि कोणता हात जोडण्याजोगा, हे ज्यास कळते तोच खरा पाथरवट. ज्यांनी सड्यावर हत्ती खोदला त्यांची नावे आपणांस माहीत नाहीत. कोंढाण्याच्या बलकाप्रमाणे त्यांनी सही केली नाही. त्यांचे चित्र हीच त्यांची सही होय. ती आपल्या हातून पुसली जाऊ नये, एवढी सद्बुद्धी आपणां सर्वांस कुलदैवताने द्यावी, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.